दहा मिनिटांचा टायमर

जळालेलं वाइंडिंग समोर आलं की मोटार कशाने गेली हे मी गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगतो. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि एक कोरा असेल, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. डेल्टात उलटं, एक काळा नि दोन कोरे. तिन्ही सारखेच करपले असतील, कॉइलींच्या टोकांचे बांध सैल झाले असतील आणि वार्निशला तडे गेले असतील, तर हिला पुन्हा पुन्हा उठवलंय. या नजरेचा मला गर्व आहे. जव्हार-मोखाड्यात दुसऱ्या कुणाला हे इतकं झटकन कळतं असं कुणी म्हटलं, तर मला ते सहन होत नाही.

तळहाताचाही असाच गर्व होता. मोटारीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि ती आणखी एक स्टार्ट सोसेल की नाही ते ठरवायचं. आता तो हात बधिर होत चाललाय. ऊन आणि चटका यांतला फरक उशिरा कळतो. आणि त्यामुळेच, हात धड होता तेव्हा तरी त्याला काय कळत होतं, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

वावरकडच्या एका पाड्यावर विहीर खाली ओहोळाशी आणि टाकी वर आहे. आमच्याकडे पाणी नेहमी खालीच. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला पोचतं, पाड्यावर मात्र विहिरीचं पाणी मोटारीने चढवावं लागतं. मोटार साडेसात हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक. चालताना 11 अँपिअरच्या आसपास घेते, उठताना 65 च्या घरात. करंट सहापट म्हणजे तांब्यातली उष्णता छत्तीसपट, आणि वारा घालणारा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही तेव्हा वेगात आलेला नसतो. म्हणून गार मोटारीला लागोपाठ दोन स्टार्ट आणि तापलेलीला एकच, असा नियम आहे. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की लाईट येते, जाते, पुन्हा येते. तिला हा नियम कोण सांगणार?

स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेची बायमेटल पट्टी भिंतीवरच्या खोक्यात असते. ती काही मिनिटांत गार होऊन सरळ होते. स्लॉटातलं तांबं, भोवतीचे स्टॅम्पिंग आणि बिडाची बॉडी हे सगळं निवायला तासभरही लागतो. पण रिलेचं बटण बसलं की माणसाला वाटतं, मोटारही निवली. त्यावर माझा ठरलेला उपाय म्हणजे टायमर. लाईट आल्यावर 10 मिनिटं गेल्याशिवाय कॉन्टॅक्टर उचलायचा नाही.

पण लाईट आठच मिनिटं टिकली तर? मोटार सुखरूप, टाकी कोरडी, आणि हंड्यांची रांग तशीच उभी. त्या रांगेतल्या कुणी टायमर काढून मोटार डायरेक्ट केली, तर मी कुठल्या तोंडाने रागावू? मग पाच मिनिटं करून पाहिली, तीन करून पाहिली. कुठलाच आकडा बरोबर येईना, कारण टायमर तांब्याला काही विचारतच नाही. सकाळच्या गार मोटारीला तो जेवढं थांबवतो, तेवढंच पाचव्यांदा उठणाऱ्या तापलेलीला.

माझा खरा राग आहे तो लाईट येताक्षणी मोटार उठवणारा ऑटो स्विच विकून मोकळे होणाऱ्यांवर. त्याहून जास्त, जुनी तार लवकर निघावी म्हणून स्टेटर जाळात घालणाऱ्यांवर. स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जळालं की नवं तांबं भरूनही ती मोटार रिकामी चालताना तापते. ते माझ्यापेक्षा स्वस्तात काम करतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे जातं. हे मला अजून पचलेलं नाही.

माझ्याकडे आयटीआय झालेली एक मुलगी काम शिकते. ती म्हणाली, "काका, तुमचा हातसुद्धा बाहेरच असतो ना." ते मला लागलं, कारण खरं होतं. स्टार्टच्या काही सेकंदांत तापतं ते तांबं. ती धग कागदातून, लोखंडातून बॉडीपर्यंत येते तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तरण्या तळहातालाही बातमी उशिराच लागत होती.

आता रिवाइंडिंगला आलेल्या मोटारीच्या तिन्ही फेजच्या कॉइलटोकांत आम्ही मुगाच्या दाण्याएवढा एकेक थर्मिस्टर बांधतो, वार्निशच्या आधी. ठरल्या तापमानाला त्याचा रोध एकदम चढतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. एफ क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा 155 अंश, तरी मी 130 चे घेतो. वर एका स्टार्टपुरती जागा राहायला हवी, आणि दहा अंश जास्त तापमानात वाइंडिंगचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. रोटर अडकला तर तांबं इतक्या वेगाने तापतं की थर्मिस्टरही मागे पडतो, म्हणून जुना रिले काढलेला नाही.

त्या पाड्यावर टायमर आता 30 सेकंदांचा आहे, व्होल्टेज स्थिर होण्यापुरता. गार मोटार तेवढ्यात उठते, तापलेली थांबते. इतर ठिकाणी अजून 10 मिनिटंच, कारण मोटार जळून माझ्याकडे आल्याशिवाय आत काही बांधता येत नाही. नवी मोटार घ्यायला निघालेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मी सांगतो, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण थर्मिस्टर आत बसवलेलीच मागा.