दुधाआधी तीन फेऱ्या

रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. रोज अर्धा तास चाला, गोड आणि मैदा कमी करा. मी त्याच संध्याकाळी बूट आणले आणि खोक्यासकट पलंगाखाली सरकवले. तिथे ते दीड महिना सुखात होते.

भाची मानसशास्त्र शिकते. सुट्टीत आली, खोकं ओढून काढलं आणि म्हणाली, "मामा, तू पायरीवर अडकलायस." प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाचे टप्पे मांडले म्हणे: मनातही नाही, मनात आहे, तयारी, कृती, मग टिकवणं. बूट आणले म्हणजे आपली तयारी झाली, असा माझा दावा. तो तिने फेटाळला. तयारी म्हणजे महिन्याभरात सुरू करायचंच, असा इरादा. "तू अजून मनातच चालतोयस."

खरं सांगू? 'तुमच्यात जिद्दच नाही' हे बायकोचं जुनं निदान. त्यापेक्षा पायरीवर अडकणं जरा अब्रूदार वाटलं.

मग गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं 'जर-तर' आलं. 'उद्यापासून चालेन' चालत नाही. कधी, कुठे, कशानंतर, ते ठरवायचं. मी लिहिलं, 'सहाचा गजर वाजला, तर उठून चालायला जाईन.' गजर वाजला. मी तो बंद केला. भाची म्हणाली, जे तू रोज न चुकता करतोस, त्याला चालणं बांध. न चुकता मी एकच काम करतो: दूध आणणं. म्हणून नवं वाक्य: 'दुधाला निघालो, तर बूट घालून आधी मैदानाला तीन फेऱ्या.' जमलं की! फक्त चहा अर्धा तास लांबला आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या टप्प्यांचा विचार कुठल्याच सिद्धांतात केलेला दिसला नाही.

खाण्याचं गणित मात्र फसलं. चारच्या चहाबरोबर मला खारी लागते. लिहिलं, 'चहा आला, तर फुटाणे खाईन.' खाल्ले. मग खारीही खाल्ली. 'खारीऐवजी' हा शब्द लिहायचा राहिला होता.

सवय एकवीस दिवसांत लागते असं मी ऐकून होतो. पण भाचीने सांगितलं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. हा २५४ तिने सांगायला नको होता. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, हे मात्र मी लगेच पाठ केलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी उठलो, तर फ्रिजमध्ये दोन पिशव्या. पाहुणे येऊन गेले होते, दूध उरलं होतं. दुधाला निघायचं नव्हतं, म्हणून बूटही निघाले नाहीत. फोनवर भाची पोट धरून हसली.

आता बायकोला सांगून ठेवलंय, रात्री दूध उरलं तरी मला कळू द्यायचं नाही.