गोठलेल्या सरोवरावर

मिनियापोलिसच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर मिल लॅक्स हे विस्तीर्ण सरोवर आहे. एका जानेवारीत पुतण्याने आम्हांस तेथे नेले. सरोवर कसले, क्षितिजापर्यंत पसरलेले पांढरे मैदानच! "या ना काका," म्हणत तो खुशाल पुढे गेला. आमचे पाऊल मात्र काठावरच अडले.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, बर्फ त्याहून हलका म्हणून वर तरंगतो व खाली मासे जगतात, हा धडा आम्ही वर्गात कितीदा तरी घेतला होता. त्या बर्फावर उभे राहण्याचा प्रसंग आला नव्हता!

पुतण्याने गिरमिटाने भोक पाडून पट्टी लावली : १४ इंच. "चालायला चांगला ४ इंच पुरतो, काका. पण दर वेळी मोजायचे, नुसते मानायचे नाही."

झाऱ्याने बर्फाचा चुरा काढून त्याने आखूड काठीची दोरी सोडली. शिशाच्या डोक्याचा गळ, त्याला लहानशी मासळी. तळाला टेकवून फूटभर वर घ्यायचे, हलका झटका द्यायचा आणि थांबायचे. वॉलआय मासा बहुधा त्या थांबण्यातच गळाला लागतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा थर असतो. म्हणून सांजवेळ ही त्याच्या शिकारीची वेळ.

सूर्य कलला नि आमच्याच हातातील दोरी ताणली गेली. भोकातून दोन डोळे चमकले. भीती केव्हा गेली, कळलेच नाही.

इंदूरला परतल्यावर तोच धडा पुन्हा आला. या वेळी तो आम्ही पट्टी हाती घेऊन शिकविला.