नुग्गीकेरीचा मारुती आणि साडेपाच मिनिटे

धारवाडची पहाट मूळचीच आळसाला अनुकूल. बाहेर झिमझिम पाऊस, अंगावर मऊ पांघरूण आणि दूर कुठल्याशा देवळातून येणारे काकड्याचे स्वर, अशा वेळी स्वेच्छेने उठणाऱ्या माणसाविषयी मला जन्मभर संशयच वाटत आला. तरीही गेले आठ महिने रोज पहाटे मी कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर गळ्याभोवती मफलर गुंडाळून आणि हातात स्टॉपवॉच धरून उभा असतो. माझ्या नातवाला सैन्यात जायचे आहे, आणि त्याची धाव मोजण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे.

हिशेब सोपा आहे. १.६ किलोमीटर धावायचे. साडेपाच मिनिटांच्या आत आले तर ६० पैकी ६० गुण. त्याहून एक सेकंद जास्त लागला की गुण उतरले. मग बीमला लटकून हनुवटी वर न्यायची. दहा वेळा जमले तर ४० गुण. नऊ फुटांचा चर ओलांडायचा आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत जायचे. छाती फुगवली असता ती निदान पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर एका फेरीला ब्याऐंशी सेकंद आणि वर अर्धा. हा अर्धा सेकंद आमच्या घरी आता पाहुण्यासारखा राहायला आला आहे. जेवताना त्याचा विषय निघतो आणि निजताना त्याचाच घोर असतो.

आरंभी नातवाने तरुणांची नेहमीची चूक केली. पहिल्याच दिवसापासून तो डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावू लागला. तिसऱ्या आठवड्यात नडग्या अशा दुखू लागल्या की जिना उतरणे कठीण झाले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी त्याला समजावले, “दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर वळतात; पण हाडाला नवा भार सोसायला महिने लागतात. तुझी छाती तयार झाली आणि पाय मागे राहिले.” पंधरा दिवस धाव बंद. त्यानंतर मातीवर, सावकाश, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने; वेगाची धाव आठवड्यातून फक्त दोन दिवस. हे सावकाशपण त्याला शिक्षेसारखे वाटले. मला मात्र त्यात माझीच जुनी गोष्ट ऐकू येत होती.

ती गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती. १९७१ साली मी अठरा वर्षांचा होतो. युद्धाच्या बातम्यांनी अंगात वारे संचारले आणि वडिलांना न कळवता मी भरतीला गेलो. तयारी केवळ तीन आठवड्यांची; रोज शंभर जोर, तेवढ्याच बैठका आणि दुधाचा मोठा पेला. टेप लावली, मी छाती फुगवली, आणि ती फुगलीच नाही. मोजणाऱ्याने काही न बोलता पुढच्या मुलाला हाक मारली. परत येताना मी देशावर, दैवावर आणि त्या टेपेवर रागावलो होतो. तीन आठवड्यांत देह फसत नाही, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. नातवाचे पाय दुखत होते त्या रात्री मी त्याला हे सारे सांगितले. तो हसला नाही. “मग आबा, आपण दोघांनी मिळून सावकाश करू,” एवढेच म्हणाला.

आमच्या घरी या बेताला एकच विरोधक, म्हणजे त्याची आजी. तिचे म्हणणे असे की आपल्या माणसांनी शाळा चालवाव्या, बँकेत हिशेब ठेवावे, देवळाचा उत्सव नीट पार पाडावा. बंदुकीशी आपला काय संबंध? मी तिला रामा राघोबा राणे यांचे नाव सांगितले. त्यांचा जन्म १९१८ सालचा, हावेरीचा; हावेरी तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होती. मूळ गाव कारवारकडचे चेंडिया, घरची भाषा कोंकणी. १९४० साली ते सैन्यात भरती झाले आणि शिक्षणाच्या काळातच सर्वोत्तम रंगरूट म्हणून कमांडंटची छडी त्यांनी मिळवली. आठ वर्षांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग काढताना मांडीला जखम झाली, तरी ते मागे फिरले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करीत त्यांनी वाट मोकळी केली. झोप नाही, विसावा नाही, असे काम जवळजवळ बहात्तर तास चालले. त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. रंगरूट असताना घडवलेला देह त्या तीन दिवसांत कामी आला.

आजीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि बेटदूरचा तो मुलगा?”

यावर मी गप्प झालो. कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद आमच्या भागात कुणी विसरलेले नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर, सुमारे १९,६०० फूट उंचीवर, हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी बर्फाखालून ते जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. कमावलेले शरीर माणसाला कुठवर नेते आणि कुठे त्याचा हात सुटतो, हे दोन्ही त्या एका जीवाने दाखवले. आजीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ते नातवाला सांगितले, कारण त्याच्यापासून लपवणे मला प्रामाणिक वाटले नाही. “आजी खरेच विचारते आहे,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्या वेळी बूट बांधू लागला.

२०२२ पासून अग्निपथ योजना आहे. नोकरी चार वर्षांची. पुढे कायम राहतील ते फार तर शंभरांतले पंचवीस. म्हणून मी त्याला विचारले, “परत यावे लागले तर?” तो म्हणाला, “शरीर तर बरोबरच परत येईल ना!” या उत्तरात पोरकटपणा आहे की शहाणपण, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मैदानावर तो एकटा नसतो. खेड्यांतून आलेली, खोल्या भाड्याने घेऊन राहणारी कितीतरी मुले असतात. गावच्या बसमधून आलेली भाकरीची बुत्ती त्यांचा दिवस भागवते. कुणाचे बूट फाटके, कुणी अनवाणी. धावताना मागे पडलेल्याला ती हाका मारून पुढे ओढतात. वास्तविक जागा थोड्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी. माझ्या नातवाला वेग माझ्या घड्याळाने दिला नाही, या हाकांनी दिला.

शनिवारी आम्ही नुग्गीकेरीच्या मारुतीला जातो. समर्थांनी अकरा मारुती स्थापन केले ते गावोगावच्या तरुणांपुढे बळाचा आदर्श राहावा म्हणून, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु एक गोष्ट मला या आठ महिन्यांत नव्याने उमगली. समुद्रकाठी मारुती स्वतःचे बळ विसरून बसला होता आणि जांबवंताला त्याची आठवण करून द्यावी लागली. आणि बळ आठवल्यावर त्याने ते स्वतःसाठी एकदाही वापरले नाही.

मागल्या सोमवारी नातू पाच मिनिटे चौतीस सेकंदांत आला. अजून चार सेकंद बाकी आहेत, आणि भरतीला दीड महिना. घरी आलो तेव्हा आजीने नाचणीची आंबील तयार ठेवली होती. ती स्वतः साडेचारला उठू लागली आहे, हे मला तेव्हा कळले. विरोध तिने अजून मागे घेतलेला नाही. पेला त्याच्या हाती देताना ती नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, “आदीं जेव, मागीर धांव.”

उद्या पुन्हा पाच वाजता.