एक गोळी, एक चिंधी

रायफलच्या नव्या नळीला सुरुवातीलाच वळण लावावं लागतं, या मताचा मी कट्टर होतो. पहिली गोळी झाडायची, बोल्ट काढायचा, मागून रॉड घालून नळी पुसायची. पुन्हा एक गोळी, पुन्हा पुसणं. अशा फेऱ्या झाल्या की मग दोन-दोन, पाच-पाच गोळ्यांनंतर सफाई. हे केलं नाही तर नळी जन्मभर रुसते आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, कधी जमत नाही, असं क्लबातल्या पोरांना मी ठासून सांगायचो. डोंबिवलीच्या घरात माझं एक कपाट ब्रश, द्रावणं आणि जुन्या गंजिफ्राकांच्या चौकोनी चिंध्यांनी भरलेलं असे. बायको त्याला देवघर म्हणायची. तिथे एकाग्रता तेवढीच असायची, त्यामुळे मला त्याचा राग यायचा नाही.

आता माझं मत बदललं आहे आणि ते का बदललं हे सांगायला हवं. माझं ऐकून नळ्या घासत बसलेली काही मंडळी ठाणे-कल्याण पट्ट्यात अजून आहेत.

ही पद्धत खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या बंदुकीची आहे. मोठ्या बोअरच्या रायफलची गोळी तांब्याच्या वेष्टनातली असते आणि सेकंदाला आठशे मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने निघते. चेंबर संपून पिळदार चर सुरू होतात, त्या जागेला गळा म्हणू. कारखान्यात चेंबर कापताना गळ्यावर बारीक आडवे ओरखडे राहतात. गोळी जाताना त्या ओरखड्यांवर तांबं सोलून निघतं, तापतं आणि पुढे नळीभर जाऊन चिकटतं. त्याच्यावर दुसऱ्या गोळीचं तांबं चढतं. म्हणून पहिल्या काही गोळ्यांत, ओरखडे झिजून गुळगुळीत होईपर्यंत, दर वेळी तांबं काढून टाका असा सल्ला निघाला. त्यावरही एकमत नाही. नळ्या बनवणारी क्रीगरसारखी अमेरिकन कंपनी हा सल्ला देते. तिकडचेच नामवंत नळीकार गेल मॅकमिलन याला निव्वळ खूळ म्हणत. त्यांच्या मते त्यातून नळीचं आयुष्य तेवढं कमी होतं.

मी झाडतो ती पॉइंट टू-टू. पन्नास मीटरवरची ऑलिंपिकची रायफल. तिची गोळी नागड्या शिशाची, वजनाने अडीच ग्रॅमच्या आसपास, वर मेणाचा नाहीतर ग्रीसचा हात फिरवलेला. वेग आवाजाच्या वेगापेक्षाही थोडा कमी ठेवलेला असतो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तांबं विरघळवणारं अमोनियाचं उग्र द्रावण मी त्या नळीत भक्तिभावाने ओतत होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभी हयात टूलरूममध्ये काढलेले. एका रविवारी मी बाल्कनीत रायफल पाळण्यात ठेवून घासत होतो. काका पेपर मागायला आले आणि उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, ‘‘अरे, ह्यात तांबं आहे कुठं, काढतोयस ते?’’ मी काहीतरी ऐकीव सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ज्यानं नळी बनवली त्यानं आतून शिशाच्या लॅपनं घासूनच दिली असणार. त्याच्यावर तू चिंधीनं काय सुधारणा करणार? दांडी वाकडी गेली तर मात्र बिघडवशील.’’ मला ते फारसं रुचलं नाही. कारखान्यातली माणसं क्रीडा नेमबाजीतलं काय समजणार, असा एक तोरा तेव्हा माझ्यात होता.

पण ते मनात राहिलंच. पुढे मोबाइलला जोडायची बारीक कॅमेऱ्याची दांडी मिळू लागली, ती मी घेतली आणि क्लबाच्या एका जुन्या रायफलच्या नळीत घातली. ही रायफल पोरं वर्षानुवर्षं आळीपाळीने वापरत होती. तिला कुणी कधी वळण लावलं नव्हतं. पडद्यावर चर स्वच्छ दिसत होते. त्यांच्यावर करडा, ओलसर चकाकीचा पातळ थर होता, तो मेणाचा. कडेला कुठे शिशाची एखादी बारीक रेघ. तांब्याचा लालसर रंग नावालाही नव्हता, आणि असणार तरी कुठून? मग दांडी मागे चेंबरच्या तोंडाशी आणली. तिथे काळ्याकुट्ट, खडबडीत कार्बनचं कडं बसलेलं होतं, तव्याच्या काठावर जळून बसतं तसं. मग माझीच नळी बघितली. पुढचा भाग लखलखीत होता आणि चेंबरच्या तोंडाशी तेच कडं. जिथे घाण होती तिथे माझा ब्रश नुसता घसरून पुढे जात होता आणि जिथे नव्हती तिथे मी आठवडाभर हात दुखवून घेत होतो.

मग माझ्या वहीतल्या नोंदी मी नव्या नजरेने वाचल्या. आम्ही प्रत्येक सत्राची वही ठेवतो: हवा, वारा, गोळीचा लॉट, ग्रुप. कसून सफाई केल्यानंतरच्या पहिल्या गोळ्या दर वेळी विखुरलेल्या होत्या. शेजारी माझ्याच अक्षरात कारणंही होती: वारा, झोप कमी, गाडीला उशीर. खरं कारण साधं आहे. धुतलेली नळी कोरडी असते. काही गोळ्यांनी तिला पुन्हा मेणाचा थर चढतो आणि मग ती एकसारखी मारायला लागते. म्हणजे जो थर नेम देतो तोच मी दर रविवारी खरवडून काढत होतो.

यात पैशाचा भागही आहे. मॅचच्या चांगल्या गोळ्या आपल्याकडे आयात होतात, परवान्यावर आणि कोट्यात मिळतात. पन्नास मीटरच्या सरावासाठी मला कल्याणहून पुण्याची गाडी पकडून बालेवाडी गाठावी लागते. (लोकलमध्ये लांबोळक्या पेटीकडे बघून ‘‘दादा, कीबोर्ड का?’’ असं हमखास कुणीतरी विचारतं, आणि मी हो म्हणतो.) एवढा खटाटोप करून आणलेल्या गोळ्या नळी पुसायला निमित्त म्हणून झाडायच्या, ही चैन आपल्याला परवडत नाही. त्याच गोळ्या वेगवेगळ्या लॉटच्या चाचणीवर घालवल्या तर हाती काही लागतं. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी असते, पण लॉट बदलला की त्याच नळीचा ग्रुप बदलतो. जगातले अव्वल नेमबाज यासाठी बर्मिंगहॅमला एलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी रेंजवर जातात, रायफल शिकंज्यात पकडून एकेक लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात.

शेवटी माणसाचा वाटा उरतोच. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतराच्या अंतिम फेरीत कोल्हापूरचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसाळे गुडघ्यावर बसून झाडायच्या मालिकेनंतर सहावा होता. उभ्याने झाडताना तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेऊन उतरला. त्या तासाभरात रायफल तीच होती आणि नळीही तीच.

मग आता नळीला हातच लावत नाही का? लावतो, पण कारण वेगळं आहे. आपली हवा. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या या शहरांत भिंतीसुद्धा घाम गाळतात. वातानुकूलित रेंजमधून रायफल बाहेर काढली की गार पोलादावर दव धरतं, आणि पेटीतला स्पंज ती ओल धरून ठेवतो. त्या पेटीत रायफल रात्रभर ठेवली की गंज आलाच. म्हणून पावसाळ्यात घरी आल्यावर रायफल पेटीबाहेर काढतो, तेलाचा हलका पॅच फिरवतो आणि पुढच्या वेळी झाडण्याआधी कोरडा पॅच फिरवून ते तेल काढतो. कार्बनच्या कड्यासाठी चेंबरच्या तोंडाशी अधूनमधून द्रावण लावून, थोडं भिजू देऊन, तेवढ्याच जागी ब्रश फिरवतो. रॉड एकसंध, लेप असलेला, कायम चेंबरकडून, गाइड लावून. नळीच्या तोंडावरून रॉड घातला की तिथली कड झिजते, आणि गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. दसऱ्याला घरी शस्त्रपूजा होते, तेव्हाही हळदकुंकू कुंद्यावर वाहतो, तोंडाजवळ नाही.

मोठ्या बोअरवाल्यांशी माझा वाद नाही. त्यांच्या नळीत तांबं आहे, त्यांनी ते बघावं.

मला काळजी आहे ती घरोघरी नव्याने आलेल्या एअर रायफलींची. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. अभिनव बिंद्राच्या 2006 च्या विजेतेपदानंतर हे मिळवणारा तो दुसरा भारतीय. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये 1893.7 गुणांच्या जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. तेव्हापासून माझ्याकडे रायफलविषयी विचारायला येणारे पालक वाढलेत, आणि त्यातले बरेच नळीत घालायला शिलाई मशिनच्या तेलाची बाटली घेऊन येतात.

त्यांना विनंती आहे, एअर रायफलच्या नळीत तेल सोडू नका. दोनशे बारच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत तेल भलत्या जागी पोचलं तर पेटू शकतं, आणि सील तर जातातच. त्या नळीला फेल्टचे कोरडे तुकडे पुरतात, तेही प्रशिक्षक सांगतील तेव्हा. हात लावण्याआधी सिलिंडर आणि चेंबर रिकामे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उरलेल्या पैशांत तीन-चार वेगळ्या लॉटचे छर्र्यांचे डबे आणा, एकाच नळीतून झाडून बघा, आणि जो लॉट जमेल त्याचे वर्षभर पुरतील इतके डबे घेऊन ठेवा.