आईची नवमी

पौड, ता. मुळशी
भाद्रपद वद्य द्वादशी

प्रिय मनू,


नवमीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आत्या, यंदा आजीचं पान का नाही? सवाष्ण का नाही आली?" तुझ्या बाबाने फोन हातात घेतला आणि तिकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. रात्री तुझा मेसेज आला, त्यात आणखी दोन प्रश्न. आजीला मरणाची भीती वाटत होती का, आणि ती आता कुठेतरी आहे असं मला खरंच वाटतं का. बर्मिंगहॅमला बसून तुला हे विचारावंसं वाटलं, मला बरं वाटलं. उत्तर लांबेल, पण सगळं वाच.

आई गेली माघ वद्य चतुर्थीला. पितृपक्षात ज्याची त्याची तिथी असते, त्या हिशेबाने तिचं पान चतुर्थीला वाढायला हवं. पण काही मरणांना वेगळा दिवस नेमून दिलेला आहे. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची चतुर्दशी, संन्याशांची द्वादशी, तिथी माहीत नसेल त्यांची सर्वपित्री अमावास्या. आणि नवरा हयात असताना गेलेल्या बाईची अविधवा नवमी, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. म्हणून आपल्याकडे नवमीला आईसाठी स्वयंपाक व्हायचा. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, कढी, आणि आपल्याच खाचरातल्या आंबेमोहोराचा भात. एक पान कावळ्याला आणि पाटावर एक सवाष्ण. तिची ओटी भरायची, साडी द्यायची. ती जेवली की आई जेवली, असं आपण धरायचो.

वैशाखात अण्णांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, वर्षश्राद्ध झालं, तेव्हा गुरुजी दादाला, तुझ्या बाबाला, म्हणाले, आता नवमी करू नका. नवरा असेपर्यंतच ती करायची. यापुढे अण्णांच्या तिथीला पिंडदान होईल, त्यात आईचं नाव घेतलं जाईल, तेवढं पुरे. अनेक घरांत असंच करतात. काही घरांत मात्र मुलं आहेत तोवर नवमी चालू ठेवतात, त्यालाही कोणी अशास्त्र म्हणत नाही. दादाने गुरुजींचं ऐकलं. म्हणून यंदा आजीचं पान नव्हतं.

मला ते फार लागलं. आई गेली ती अण्णांच्या आधी, म्हणून तिला स्वतःचा एक दिवस मिळाला होता. अण्णा गेले आणि तो दिवसही गेला. जिवंतपणी बाईचं कुंकू नवऱ्यावर अवलंबून असतं, हे मी पाहिलेलं होतं. मेल्यानंतर तिचं जेवणही नवऱ्यावर अवलंबून आहे, हे इतकं स्पष्ट मला कधी दिसलं नव्हतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. आईला मरणाची भीती नव्हती. आपल्याकडे मेल्यानंतरच्या वाटेचं वर्णन कमी भयंकर नाही. घरात सुतक असताना गरुडपुराण वाचतात, ते तू ऐकलेलं नाहीस. त्यात यमलोकाची वर्षभराची वाट आहे, रक्तपुवाची वैतरणी आहे, ती गाईच्या शेपटाला धरून ओलांडायची आहे. रोज एक पिंड द्यायचा आणि त्या पिंडातून मेलेल्या माणसाचा नवा देह घडत जायचा, पहिल्या दिवशी डोकं, मग मान आणि खांदे, असं करत दहाव्या दिवशी त्याला भूक आणि तहान लागते. म्हणून दहाव्याच्या पिंडाचं एवढं महत्त्व, आणि कावळ्याचं. कावळा शिवत नसेल तर घाटावरची माणसं हात जोडून मोठ्याने बोलायला लागतात: पोरीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू, जमिनीचं भांडण मिटवू. मुळेच्या काठी मी असे कितीतरी दहावे पाहिले. अलीकडे प्रवचन असतं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात, तरी कावळा येईपर्यंत सगळ्यांचं लक्ष पिंडाकडेच असतं. मला या विधीबद्दल आदर आहे. मेलेल्याची इच्छा काय होती ते चारचौघांत उच्चारायला लावणारी दुसरी कुठली व्यवस्था आपल्याकडे आहे?

अण्णा माळकरी होते. देहू-आळंदी इथून जवळ, त्यांची बीज आणि कार्तिकी सहसा चुकली नाही. ज्ञानेश्वरांनी 1296 साली जिवंतपणी समाधी घेतली, ते अण्णा असं सांगत की जणू शेजारच्या घरातलं आहे. वारकऱ्याला मोक्षाचीही ओढ नसते, पुन्हा जन्म मिळाला तर वारी मिळेल, हे त्याला जास्त प्यारं. अण्णा त्या भरवशावर शांतपणे गेले.

आईचा भरवसा वेगळा होता. तिला एवढंच हवं होतं की अण्णांच्या आधी जावं. शेवटच्या आजारात ती देवाकडे दुसरं काही मागत नव्हती. गेली तेव्हा हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरलेला, माहेरचं लुगडं अंगावर. वाडीतल्या बायका रांगेने आल्या, पाया पडल्या, तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून गेल्या. "सोनं झालं म्हातारीचं," म्हणाल्या. तू तेव्हा लहान होतीस, ते सगळं बघून घाबरली होतीस.

आई जात्यावर बसून वाढलेली. तिच्या पिढीच्या बायकांच्या ओव्या आपल्याच मुळशी-मावळातल्या गावांतून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गोळा करायला सुरुवात केली. प्वातवाँ हे फ्रेंच गृहस्थ, पुण्यात येऊन इथलेच झाले होते. पुढे त्यांचा संग्रह एक लाख ओव्यांच्या वर गेला. त्यात अहेव मरण, म्हणजे नवऱ्याच्या आधीचं मरण, मागणाऱ्या ओव्या आहेत. मी त्या आईच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्यांत स्वर्गाचं मागणं मी कधी ऐकलं नाही. सरणावर कुंकू पडावं, भावाने लुगडं घेऊन यावं, नवऱ्याने मागे उभं असावं, एवढंच मागणं.

का मागत होत्या, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भित्र्या म्हणून नक्कीच नाही. आईचं आजोळ टाटांच्या धरणात गेलं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, त्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. त्यात बायकाही होत्या. आईची आजी त्यांच्यात बसली होती, असं आई सांगायची. जीव द्यायला निघालेल्या बायकांच्या घरातली मुलगी जात्यावर बसून मरण मागते, तेव्हा तिला मरणापेक्षा भयंकर असं काहीतरी समोर दिसत असतं.

ते मला ठाऊक आहे. माझे यजमान गेले तेव्हा दहाव्याला घाटावर बायकांनी मला मधे घेतलं. त्यांतल्या बहुतेक जणी माझ्या जिवाभावाच्या होत्या, रडत होत्या. रडतच त्यांनी माझ्या बांगड्या दगडावर फोडल्या आणि कुंकू पुसलं. नंतर कोणी मला लग्नाच्या हळदीला बोलावलं नाही. ज्या शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं, तिथल्या मुलींच्या ओट्या भरायला मी चालेना. अण्णा आईच्या मागे बरीच वर्षं जगले. त्यांच्या अंगावरची एकही वस्तू कोणी काढून घेतली नाही. 1882 साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून हेच विचारलं होतं, की बायको मेलेल्या पुरुषाला असं काही का भोगावं लागत नाही. त्या बुलढाण्याच्या. ते पुस्तक मी तुला पाठवीन.

आपल्या मावळात देवळांबाहेर जुने दगड उभे असतात, तू त्यांचे फोटो काढायचीस. वीरगळात खाली लढाई असते, मधे अप्सरा वीराला वर नेत असतात, वर तो शंकराच्या पिंडीपुढे बसलेला असतो. पुरुषाला लढून मेल्यावर काय मिळणार, ते पायरी पायरीने कोरलेलं. सतीशिळेवर बहुधा कोपरात वाकवून उभारलेला एक हात असतो आणि त्या हातात बांगड्या असतात. बांगड्या फुटल्या नाहीत, एवढी एकच गोष्ट त्या बाईबद्दल दगडावर सांगितली आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मागे रमाबाई 1772 साली थेऊरला सती गेल्या, ते वृंदावन दाखवायला अण्णा आम्हाला लहानपणी घेऊन गेले होते. आईने तिथे हात जोडले. आज मला हात जोडवणार नाहीत.

वटपौर्णिमेची कथा तुला पाठ आहे. सावित्री यमाच्या मागे चालत गेली. सासऱ्याची दृष्टी मागितली, राज्य मागितलं, शंभर पुत्र मागितले, नवरा परत आणला. स्वतःच्या आयुष्याचं एक वर्षही तिने मागितलं नाही.

आई आता कुठे आहे? मला स्वर्ग दिसत नाही आणि वैतरणीही दिसत नाही. पण पितृपक्ष आला की आई उपाशी असेल, असं मनात येतं. ते खोटं आहे असं मी स्वतःला सांगू शकत नाही. म्हणून मला पान वाढायचं आहे. मेलेल्यांना जेवू घालण्याची ही श्रद्धा मला सोडायची नाही. तिच्यात घातलेली नवऱ्याची अट मात्र मला मान्य नाही. ही अट ऐकत ऐकत मुली मोठ्या होतात आणि जात्यावर बसून स्वतःचं मरण मागायला लागतात.

अटी बदलता येतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. कोरोनात तरुण मुली विधवा झाल्या होत्या, त्यानंतरची ही गोष्ट.

पुढच्या नवमीला मी आईचं पान वाढणार आहे. पाटावर धाकट्या काकूला बसवणार आहे. आईला अंथरुणात तिने न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री उठून कूस बदलून दिली. काका गेल्यापासून तिची ओटी कोणी भरलेली नाही. ती मी भरीन, हिरव्या बांगड्यांसकट. काकू आधी नाही म्हणाली, मग रडली, मग साडी कुठली घेणार असं तिने विचारलं. दादा अजून हो म्हणालेला नाही. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला फोन कर, आणि रजा मिळाली तर पुढच्या भाद्रपदात ये.

तुझी,
आत्या