साध्या प्रेमाचं गाणं

मोठ्या माणसावर गाणं लिहायला बसलं की त्याचा हटकून पोवाडा होतो. बेड्या, अंधार, पहाट, मशाल, सगळे शब्द हात जोडून उभेच असतात. त्यामुळे नेल्सन मंडेलांवरच्या सिनेमासाठी ‘यू टू’ या आयरिश रॉक बँडनं गाणं केलंय असं भाच्यानं सांगितलं, तेव्हा म्हटलं, असणार धडाडधूम काहीतरी. पण गाण्याचं नाव निघालं ‘ऑर्डिनरी लव्ह’. साधं प्रेम! एवढ्या माणसाला वाहायला हे?

सिनेमा २०१३ चा, मंडेलांच्या आत्मचरित्रावरचा. निर्माते अनंत सिंग, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या घरातले. बँडचा गायक बोनो १९८५ मध्येच वर्णद्वेषाविरुद्ध गाणं लिहून बसलेला, म्हणजे राजकारण त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी या वेळी त्यानं आधार घेतला तो नेल्सन आणि विनी यांच्या पत्रांचा. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे.

कारण ती पत्रं म्हणजे काय होती बघा. १९५८ ला लग्न, १९६२ ला अटक, १९६४ ला जन्मठेप. अटकेच्या वेळी थोरली मुलगी तीन वर्षांची, धाकटी दोनचीही नाही. रॉबेन बेटावर सुरुवातीला सहा महिन्यांत एक पत्र आणि एक भेट. पत्र अधिकारी आधी वाचणार, नको त्या ओळी कापणार. भेटीत मध्ये काच. मुलींना मोठं होईपर्यंत भेटायची बंदीच. नवऱ्याचा हात हातात घ्यायला विनीला १९८४ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे कुणाचा मुलगा दोन वर्षं परदेशी गेला तर आपण सणाला ताटावर रडतो.

आणि विनी काही घरी बसून वाट बघत नव्हती. १९६९ ला तिलाही उचललं, ४९१ दिवस ठेवलं, त्यातला बराच काळ एकटीला कोंडून. १९७७ ला ब्रँडफोर्टला नेऊन टाकलं. घरात ना नळ ना वीज. पुढे तिच्या हातून जे झालं तेही खरं, अपहरणाच्या खटल्यात १९९१ ला ती दोषी ठरली. ते मी झाकत नाही. पण तिच्याबद्दल बोलताना लोक तिथूनच सुरुवात करतात, हे मला खुपतं.

बेळगावात सीमालढ्यात तुरुंगात गेलेल्यांचे सत्कार मी लहानपणापासून बघत आले. शाल-श्रीफळ त्यांना, आणि ते योग्यच. मागं घर कुणी ओढलं, शाळेची फी कुठून आली, दुधवाल्याला काय सांगितलं, हे त्या स्टेजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही. विचारलं असतं तरी त्या बाईनं पदर सावरत ‘काय, झालं आपलं’ एवढंच म्हटलं असतं म्हणा.

१९९० मध्ये मंडेला सुटले, ते दोघं हातात हात घालून चालताना सगळ्या जगानं पाहिलं. दोन वर्षांत वेगळे झाले, १९९६ मध्ये घटस्फोट. जो माणूस शत्रूशी समेट करू शकला, त्याला स्वतःचं घर नाही जमवता आलं. हे ठाऊक असूनही बँडनं याच लग्नाचं गाणं केलं. त्यात जयजयकार नाही. साधं प्रेमच पेलवलं नाही तर उरलं काय, असा काहीसा सूर आहे, तोही हळू. माझ्या कानाला रॉक म्हणजे गोंगाट; हे मात्र मी स्वयंपाक करता करता ऐकू शकते.

जानेवारी २०१४ मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्कर हुकलं.

सिनेमाचा लंडनमधला पहिला खेळ होता ५ डिसेंबर २०१३ ला. त्याच रात्री तिकडे जोहान्सबर्गला मंडेला गेले. झेनानी आणि झिंझी, दोघी मुली लंडनला थिएटरात होत्या. बातमी त्यांना कळली, तरी खेळ थांबवू नका म्हणाल्या. पडद्यावर वडील तरुण होते, आई तरुण होती. बाकीच्या लोकांना सिनेमा संपल्यावर सांगितलं.