वाट पाहण्याची वाटणी

काही धंदे असे असतात की, त्यांचे नाव उच्चारताच ऐकणाराच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. वैद्य म्हटला की नाडी, वकील म्हटला की काळा झगा, शिक्षक म्हटला की खडू. माझ्या धंद्याचे दुर्दैव असे की, त्याचे नाव ऐकून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘पुरवठा व वाहतूक पर्यवेक्षक’ असे मराठीत सांगितले तर ऐकणारा आदराने गप्प बसतो. ‘लॉजिस्टिक्स सुपरवायझर’ असे इंग्रजीत सांगितले तर सहानुभूतीने गप्प बसतो. शेवटी मी म्हणतो, “भिवंडीला एका गोदामात असतो.” मग मात्र त्याला सारे उमगते, आणि हा गृहस्थ दिवसभर खोकी मोजीत असावा अशी समजूत करून घेऊन तो दुसऱ्या विषयाकडे वळतो.

त्याचे फारसे चुकत नाही. मोजणे हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहेच. कोणती गाडी कोणत्या धक्क्याला लावावयाची, कोणती थप्पी आधी फोडावयाची, आधी आलेला माल आधी बाहेर पडला की नाही, बिलटीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष उतरलेली खोकी यांचा मेळ बसतो की नाही, माथाड्यांची एक टोळी जेवावयास गेली तर दुसरी हाताशी आहे की नाही, हे पाहता पाहता सकाळची संध्याकाळ होते. परंतु कित्येक वर्षे हे काम केल्यावर मला असे वाटू लागले आहे की, मी वस्तुतः माल हलवीतच नाही. माल हलवतात ते हमाल आणि ड्रायव्हर. कोणी, कोठे आणि किती वेळ वाट पाहावयाची, एवढेच मी ठरवतो.

हे म्हणणे विक्षिप्त वाटेल. पण आपल्या जुन्या घरांतील बेगमी आठवून पाहावी. वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळत. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधली जात. धान्य ऊन देऊन कणगीत भरले जाई. पावसाने वाटा बंद झाल्या म्हणजे घरातल्या कोणावर बाजाराकडे डोळे लावून बसण्याची पाळी येऊ नये, म्हणून गृहिणी ती वाट उन्हाळ्यातच पाहून ठेवी. फळीवरची प्रत्येक बरणी म्हणजे आगाऊ पाहून ठेवलेली वाट. माझे गोदाम याहून निराळे नाही. फक्त त्याची फळी जरा उंच आहे आणि बरणी उतरवावयास यंत्र लागते.

बरणी भरलेली आहे तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही, हा मात्र या कामाचा जुना शाप आहे. पानिपत म्हटले की आपल्याला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. पण त्याआधीचे कित्येक आठवडे मराठ्यांची छावणी दाण्याला आणि वैरणीला महाग झाली होती. जिच्यावर पुरवठ्याची मोठी भिस्त, त्या गोविंदपंत बुंदेल्यांच्या फळीवर १७६० च्या डिसेंबरात घाला पडला आणि पंत मारले गेले. भाल्यांचा खणखणाट आपण पाठ केला. रिकाम्या पोत्यांना पोवाडा लाभला नाही. मार्च २०२० मध्ये सारा देश घरात बसला, तेव्हा दूध आणि औषधे कोणत्या रस्त्याने येतात हे कित्येकांनी प्रथमच विचारले. दुकाने उघडताच तो प्रश्नही मिटला.

या धंद्यात शहाणी माणसे पुष्कळ होऊन गेली, आणि त्या सर्वांनी वाट पाहण्याशीच झुंज घेतली. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतील एक ट्रकवाला. १९३७ साली कापसाचे गठ्ठे घेऊन तो बंदरावर गेला आणि ते उतरवून घेतले जाईपर्यंत त्याला दिवसभर तिष्ठत बसावे लागले. सबंध पेटाराच उचलून जहाजावर का ठेवू नये, हा विचार आपल्याला त्या दिवशी सुचला, असे त्याने पुढे सांगितले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे त्याचे जहाज अठ्ठावन्न पेटारे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि कंटेनरचे युग सुरू झाले. जपानात टोयोटा कंपनीच्या ताइइची ओनो यांनी तर साठवणीलाच हात घातला. जो भाग ज्या घटकेला हवा, त्याच घटकेला तो यावा. साठा म्हणजे अपव्यय, असा त्यांचा सिद्धांत. तो जगाने उचलला.

दोघांचीही बुद्धी मी मानतो. तथापि गोदामाच्या फाटकात उभे राहून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वाट पाहणे कधी नाहीसे होत नाही. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. पूर्वी जहाजे दिवसेंदिवस बंदरात अडकून पडत. आता ती काही तासांत मोकळी होतात, पण न्हावाशेवाकडच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ते दिवस कोठे गेले हे सांगावयास नको. ओनोंच्या सिद्धांताने कारखान्यातली कोठी रिकामी झाली, पण तिचा भार रस्त्यावर आला. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने जपानातले सुट्या भागांचे कारखाने बंद पडले, तेव्हा धड उभे असलेले मोटारींचे कारखानेही हात जोडून बसले. १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात उठली आणि नाक्यावरची रांग ओसरली. ती आता गिऱ्हाइकांच्या आणि गोदामांच्या फाटकांवर लागते.

मुंबईतील सुखवस्तू घरात आज मागवलेली वस्तू उद्या येते. काही वस्तू तर चहा उकळेपर्यंत दारात असतात. त्या घराने वाट पाहिली नाही, हे खरे. कोणीतरी ती पाहिली आहे, हेही तितकेच खरे.

हा कोणीतरी बहुधा ड्रायव्हर असतो. ज्यांना आम्ही माल पोचवतो, अशा एका बड्या खरेदीदाराच्या दारात ठरल्या वेळेहून तासभर उशिरा गेलेली गाडी आत घेतच नाहीत. दुसऱ्या दिवसाची वेळ देतात. तो तास घाटातल्या कोंडीत गेला असला तरी! मग तो माणूस रस्त्याच्या कडेला रात्र काढतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या होती. थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल, तर तो कामात धरावा असे तीत म्हटले होते. त्याहून लांबलेल्या तिष्ठण्याचा त्या ओळीत उल्लेख नव्हता. चौदा मिनिटे बसलेला माणूस काम करीत होता, हे उघड; चौदा तास बसलेला काय करीत होता, याचा विचार करावा तितका थोडा!

अकोल्याहून आलेला एक वयस्क ड्रायव्हर आमच्या फाटकाबाहेर दुपारपासून थांबला होता. मी बाहेर आलो तेव्हा त्याने तक्रार केली नाही. तो म्हणाला, “साहेब, उशीर होऊ द्या, त्याचं काही नाही. पण किती वाजता घेणार तेवढं सांगा, म्हणजे जरा डोळा लावतो.”

नंबर पुकारला तेव्हा माणूस जागेवर नसला की त्याची पाळी हुकते. म्हणून तो आंघोळीला जात नाही, स्टोव्ह पेटवीत नाही, की झोपत नाही. वेळ ठाऊक असलेली वाट म्हणजे विश्रांती, आणि ठाऊक नसलेली म्हणजे शिक्षा. दुसऱ्या दिवसापासून मी फाटकाशी एक काळा फळा टांगला: डावीकडे गाडीचा क्रमांक, उजवीकडे तिची वेळ.

खडूचा खर्च फारसा नाही. पण हा फळा मला महाग पडतो. एकदा चार वाजता असे लिहिले की ते चार पाळावे लागतात, आणि साडेतीनला वरून फोन येतो की अमक्याची गाडी तातडीची आहे, तिला मध्ये घ्या. तातडी खोटी असतेच असे नाही. औषधांची गाडी असेल तर मी स्वतः बाहेर जाऊन फळ्यावरची वेळ पुसतो आणि ज्याची वेळ गेली त्याला कारण सांगतो. परंतु तातडी केवळ मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावाची असेल, तेव्हा मी चार म्हणजे चार असे उत्तर देतो, आणि वरिष्ठांच्या वहीत माझ्या नावापुढे काय लिहिले जात असेल याचा विचार करीत नाही. निदान चार वाजेपर्यंत करीत नाही.

फळ्याने आमच्या दारातली रांग काही आखूड झाली नाही. गाड्या तितक्याच येतात, धक्के तितकेच आहेत. पण दुपारी दोनच्या सुमारास बाहेर चक्कर टाकली, तर गाडीखालच्या सावलीत दोन-तीन माणसे गाढ झोपलेली दिसतात. त्यांना उठवू नये म्हणून वॉचमनही हलक्या पावलांनी जातो.